लोगानोला अठराव्या वर्षी कप गाडीत बसवलं ती घाईच होती

डावंवळण (धागाकर्ता)

ट्रॅकहाउस या संघानं कॉनर झिलिश या पोराला एक्सफिनिटीच्या एकाच पूर्ण हंगामानंतर २०२६ साठी कपची गाडी देऊ केली, तेव्हापासून अमेरिकेतल्या नॅस्कार मोटार शर्यतीवाल्यांचा जुना वाद परत उकरला गेलाय. (कप ही नॅस्कारची सर्वोच्च मालिका, एक्सफिनिटी तिच्याखालची; तिचंच नाव आधी बुश, मग नेशनवाइड होतं.) पोरगं तयार असतं, की मालकालाच घाई असते? मला वाटतं मालकालाच. जोई लोगानो हा त्याचा धडधडीत पुरावा.

तेव्हा बघत नसलेल्यांसाठी थोडक्यात. लोगानो कनेटिकटचा, जन्म मे १९९०. २००७ मध्ये बुश ईस्ट ही प्रादेशिक मालिका जिंकली. राष्ट्रीय मालिकेत उतरायला तेव्हा १८ पूर्ण लागायची. ती होताच जून २००८ मध्ये केंटकीला, तिसऱ्याच नेशनवाइड शर्यतीत जिंकला. मार्क मार्टिनसारखा मुरलेला माणूस त्याचं आधीपासून तोंड भरून कौतुक करत होता. तेवढ्यात टोनी स्टुअर्ट स्वतःचा संघ काढायला संघमालक जो गिब्सची २० नंबरची गाडी सोडून निघाला आणि २००९ ला ती गाडी थेट या पोराला मिळाली.

पुढची चार वर्षं गुणतक्त्यात २०वा, १६वा, २४वा, १७वा. विजय दोन. त्यातला पहिला न्यू हॅम्पशरला पावसानं ३०१ पैकी २७३ फेऱ्यांवर शर्यत संपवली म्हणून. शेवटी गिब्सनं त्याला नारळ दिला, २०१३ ला त्याच गाडीत मॅट केनसेथ बसला आणि ७ शर्यती जिंकला. म्हणजे गाडीत दम होता. दोन वर्षं नेशनवाइडमध्ये मुरू दिलं असतं तर ही वेळ आली नसती.

बंपस्टॉप

सपशेल असहमत. तुम्ही वय मोजताय, गाडी बघतच नाही.

२००९ च्या हंगामाआधी नॅस्कारनं खर्च कमी करायला टेस्टिंग बंद केलं. ज्या ट्रॅकवर शर्यती होतात तिथे सरावाचे वेगळे दिवस नाहीत. नवख्याला सगळ्यात मोठा फटका तिथे बसला. स्टुअर्टकडे दहा वर्षांच्या नोंदींची वही होती, लोगानोकडे शर्यतीच्या आठवड्यातला थोडाथोडका सराव, त्यातला बराचसा पात्रता फेरीच्या सेटअपमध्ये जायचा.

वर ती ‘कार ऑफ टुमारो’, म्हणजे कपसाठी नॅस्कारनं तेव्हा काढलेली नवी गाडी. नेशनवाइडची गाडी तेव्हा जुन्या पद्धतीची, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) १०५ इंच. कपची ११० इंच, पुढे नाकाखाली आडवी पट्टी म्हणजे स्प्लिटर, मागे पंख, ताकद दीड-दोनशे अश्वशक्तीनं जास्त. स्प्लिटर जमिनीलगत राहिला तरच पुढचा दाब मिळतो, म्हणून पुढच्या स्प्रिंगा मऊ ठेवायच्या आणि वळणात नाक खाली बसलं की सगळा भार बंप स्टॉपवर घ्यायचा. बंप स्टॉप म्हणजे शॉक अॅब्सॉर्बरच्या दांड्यावरचा रबरी ठोकळा. गाडी त्यावर आपटली की पुढची पकड एकदम जाते, हळूहळू नाही. नाक वळत नाही, गाडी बाहेरच्या भिंतीकडे सरकते, म्हणजे टाइट.

आता नवखा रेडिओवर काय सांगतो? ‘टाइट आहे.’ एवढंच. क्रू चीफ (गाडीचा सेटअप ठरवणारा संघातला प्रमुख) पिटमध्ये, म्हणजे गाडी मधे थांबते तिथे, मागच्या काचेच्या भोकातून लांब पाना घालून एक फेरा वेज काढतो. वेज काढलं की उजवं-पुढचं आणि डावं-मागचं चाक यांच्यावरचा मिळून भार कमी होतो, गाडी सैल होते. पण मूळ दुखणं वळणाच्या मधल्या भागात बंप स्टॉपवर होतं, ते तसंच राहतं आणि बाहेर पडताना गॅस दाबला की आता शेपटी सुटते. मधे टाइट, बाहेर लूज. पुढच्या चाळीसेक फेऱ्या वाया. मुरलेला ड्रायव्हर सांगतो, ‘शिरताना ठीक, मधे आपटतेय, बाहेर पडताना मागची पकड चांगली आहे.’ मग क्रू चीफ वेजला हातच लावत नाही. पुढच्या चाकात हवा अर्धा-एक पौंड इकडेतिकडे करतो किंवा स्प्रिंगेत रबर घालून नाक आपटू देत नाही. बंप स्टॉपची उंची पिटमध्ये बदलायला सवडच नसते.

हे सांगणं नेशनवाइडमध्ये शिकता आलं नसतं, कारण ती गाडी तशी आपटतच नव्हती. म्हणून ‘आणखी दोन वर्षं’ हा उपाय त्या काळापुरता तरी फुसका.

डावंवळण

लिहिलंय झकास, पण डेनी हॅमलिनचं काय? त्याच गिब्सच्या वर्कशॉपमधून, त्याच बंप स्टॉपवर, २०१० मध्ये ८ विजय. तो पहिल्या पूर्ण हंगामाला उतरला तेव्हा २५ वर्षांचा होता आणि २००६ च्या त्या हंगामात तिसरा आला. वय दिसतंय की!

बंपस्टॉप

२००६ ला टेस्टिंग होतं. जुनी गाडी होती. ‘टुमारो’ आली २००७ ला निम्म्या शर्यतींना, २००८ पासून सगळ्या. म्हणजे हॅमलिन तिच्याबरोबर वाढला, लोगानोला ती आयती गळ्यात पडली. भरीला जून २००९ मध्ये, त्याच्या पहिल्याच हंगामाच्या मध्यात, जोडीनं रीस्टार्ट सुरू झाले, म्हणजे थांबलेली शर्यत परत सुटताना गाड्या दोन-दोनच्या रांगेत. आघाडीची फळी एकमेकांची दारं घासत सुटणार आणि ज्याच्या मागच्या बंपरवर नवख्याची पिवळी पट्टी आहे त्याला कोण जागा देणार?

केनसेथचं म्हणाल तर २०१३ ला कपची गाडीच नवी आली. तुलना तिथेच संपली.

हिशेबतपासनीस

दोघेही पैशाचं बोलत नाही म्हणून मधे पडतो.

२० नंबरच्या गाडीचा प्रायोजक होम डिपो होता. स्टुअर्ट गेल्यावर गिब्सला रिकामी गाडी परवडणारी नव्हती आणि तशा गाडीला साजेसे, त्याच महिन्यात करारातून मोकळे असणारे ड्रायव्हर रस्त्यावर पडलेले नसतात. लोगानो आधीच घरात होता. त्याला थांबवलं असतं तर दुसऱ्यानं उचललं असतं. हा व्यवहार होता, अविचार नव्हे. पोराच्या बाजूनं बघा: पुढच्या वर्षी ती खुर्ची रिकामी असेलच याची हमी कोण देणार?

मात्र एका बाबतीत धागाकर्त्याशी सहमत. गाडी द्यायची तर वेळही द्यायचा. केसी अॅटवुड आठवा. १९९९ मध्ये बुश मालिकेत दोन विजय, २००१ ला विशीत रे एव्हरनॅमच्या नव्या डॉज संघात, फिनिक्सला पोलही (पात्रता फेरीत पहिला येऊन सर्वांत पुढची जागा) काढला आणि पुढच्या वर्षी त्या गाडीत जेरेमी मेफिल्ड. त्यानंतर अॅटवुड वर आलाच नाही. लोगानोला गिब्सनं निदान चार हंगाम दिले.

तिसरीफळी

शिडीचा आग्रह धरणाऱ्यांसाठी: विल्यम बायरन. २०१५ ला के अँड एन ईस्ट (लोगानोनं जिंकलेली तीच प्रादेशिक मालिका), २०१६ ला ट्रकच्या राष्ट्रीय मालिकेत ७ विजय, २०१७ ला एक्सफिनिटीचं विजेतेपद. पायरी न पायरी चढला. कपच्या पहिल्या हंगामात? २३वा. पहिला विजय थेट ऑगस्ट २०२०, डेटोना. चेस इलियटनं खालच्या मालिकेत विजेतेपद मिळवून वर आणखी एक वर्ष काढलं, तरी पूर्ण हंगाम धावायला लागल्यावर कपचा पहिला विजय तिसऱ्या वर्षी, वॉटकिन्स ग्लेनला. कपची पहिली दोन-तीन वर्षं सगळ्यांचीच जातात राव. खाली कितीही घासून घ्या.

डावंवळण

तरी एक गोष्ट तुमच्या गाडीच्या सिद्धांतात बसत नाही. २०१२ मध्ये लोगानो शनिवारी नेशनवाइडच्या ९ शर्यती जिंकला आणि रविवारच्या कपच्या हिशेबात १७वा. ‘टुमारो’मधला तो त्याचा चौथा पूर्ण हंगाम होता, नवखा कुठला! माझ्या मते सुरुवातीला खाल्लेल्या आपटीनं त्याचा रविवारचा आत्मविश्वासच गेला होता. क्रू चीफशी वाद घालायची हिंमत नसलेला पोरगा हवी तशी गाडी मागू शकत नाही. लोगानोचा पहिला क्रू चीफ झिपाडेली, त्यानं स्टुअर्टला दोन विजेतेपदं मिळवून दिली होती, त्याला १८ वर्षांचा काय सांगणार?

बंपस्टॉप

हा मुद्दा मात्र वजनदार. पण तोच हंगाम नीट बघा. २०१२ ला त्याचा कपचा एकुलता विजय कुठला? पोकोनो, जून. ट्रॅकवर नुकतंच नवं डांबर पडलं होतं, म्हणून संघांना जादा सराव दिला होता आणि जुन्या वह्या सगळ्यांच्याच रद्दी झालेल्या. तिथे हा पोलवरून सुटला आणि शेवटच्या काही फेऱ्यांत मार्क मार्टिनला ढकलून जिंकला, ज्यानं त्याचं कौतुक केलं होतं त्यालाच! हिंमत गेलेला पोरगा असा ढकलत नाही. सगळ्यांची पाटी कोरी असली की तो काय करतो, ते तिथे दिसलं.

२०१३ ला तेच झालं. नवी गाडी, पेन्स्कीच्या संघाची २२ नंबरची, क्रू चीफ टॉड गॉर्डन, आणि लोगानो आठवा. २०१४ ला ५ विजय. २०१५ ला डेटोना ५००. २०१८, २०२२ आणि २०२४ ला विजेतेपद.

हिशेबतपासनीस

आणि ते झालं तेव्हा तो २२-२३ वर्षांचा होता. म्हणजे धागाकर्ते म्हणतात तेवढाच मुरलेला. फक्त मुरवण्याचा खर्च होम डिपोनं केला आणि फळ पेन्स्कीनं खाल्लं. गिब्सला विचारा, घाई महाग पडली की चिकाटी कमी पडली.

डावंवळण

चिकाटी कमी पडली हे मान्य. पण झिलिशच्या गाडीत ती चिकाटी कोण दाखवणार, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.