दिवसभर कामात असताना देवाची आठवण कशी ठेवता?

परभणीकर_ताई:
नमस्कार. सकाळी पूजा करते, हरिपाठ म्हणते, तेवढा वेळ देव जवळच आहे असं वाटतं, पण मग डबे, पोरांची शाळा, बँकेतली गर्दी, पीकविम्याच्या लाईनी, कर्जाच्या फायली, संध्याकाळी दिवा लावेस्तोवर नाव सुद्धा आठवलेलं नसतं. माळ घेऊन बसायला वेळ नाही, नोकरी सोडायची नाही. हरिपाठात माउली "असोनि संसारी" म्हणतात म्हणजे संसारात राहूनच करायचंय हे कळतं, पण कसं? कोणी खरंच करायलंय का?

गोदाकाठ:
ताई, जनाबाई तुमच्याच जिल्ह्यातली की, आमच्या गंगाखेडची. "दळिता कांडिता तुज गाईन अनंता" म्हणाली, दळण झाल्यावर गाईन असं नै म्हणाली. आमची आजी पहाटं जात्यावर बसली की पहिली ओवी देवाला, मग माहेर, भाऊ, लेकरं सगळे यायचे आन् मधूनच परत इठ्ठल. वेगळं ध्यान बिन तिला कै माहीत नव्हतं. गिरणी आली, कष्ट वाचले ते चांगलंच झालं, पण त्या कामाला लय होती आणि लयीत नाव आपोआप बसायचं, ते मात्र गेलं असं मला वाटतं. तुम्ही पोळ्या लाटताना, भांडी घासताना सुरू करा, जिथं डोकं लागत नाही तिथं. काउंटरवर एकदम नका, आकडे चुकतील.

नांदेडवाला:
माझं दुकान गुरुद्वाऱ्याच्या जवळ आहे, कीर्तन ऐकू येतं. नामदेव महाराज आपल्या हिंगोलीकडच्या नरसीचे, त्यांची 61 पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत. त्यातलं एक तर तुमच्या प्रश्नाचंच उत्तर आहे ताई. पोरगं पतंग उडवतंय, दोस्तांशी गप्पा मारतंय पण चित्त दोरीवर. पोरी भरलेल्या घागरी घेऊन हसत बोलत चालल्यात, चित्त घागरीवर. गाय पाच कोस लांब चरतीय, चित्त वासरावर. आई घरातलं बाहेरचं सगळं बघतीय आणि चित्त पाळण्यातल्या लेकरावर. कुणीच काम सोडलेलं नाही बघा. तुमचं पोरगं तापानं घरी असलं तर तुम्ही बँकेत एंट्री बरोबरच करता ना, पण आतून एक धागा घरीच असतो. तो धागा कुणी शिकवलेला नसतो, मायेनं येतो, म्हणून मी म्हणतो आधी देवावर माया लावा, मग आठवण काढावी लागत नाही. त्याच ग्रंथात कबीरांच्या श्लोकात नामदेवांचा मित्र त्रिलोचन त्यांना म्हणतो कापडं छापत काय बसलास, रामात चित्त का लावत नाहीस, तर नामदेव म्हणतात तोंडानं राम, हातापायानं काम आणि चित्त निरंजनापाशी, म्हणजे देवापाशी.

कळंबचा_शेतकरी:
दोघांचं पटतं, पण नाव घेणं येगळं अन् देव दिसणं येगळं. पैठणच्या नाथ महाराजांची कथा सगळ्यांना माहीत आहे, रामेश्वराला न्यायची गंगा त्यांनी वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली. त्या टायमाला तोंडात नाव होतं का नव्हतं हे कथा सांगणारा सांगत पण नाही. ताई तुमच्याकडं अंगठा न उमटणारे म्हातारे येत असतील, राबून राबून रेषा झिजलेल्या असतात, मशीन चार चार येळा नाही म्हणतं आणि मागची लाईन वरडायली असते. आमचं सोयाबीन पाण्यात गेलं त्या साली मी असाच एका बँकेत हुभा होतो, एक मॅडम म्हणल्या काका बसा, पाणी घ्या. काम त्या दिवशी झालंच नाही. पण तवा जे वाटलं ते मला देवळात पण कधी वाटलेलं नाही, आज बी ते आठवलं की डोळे भरून येतात.

परभणीकर_ताई:
काका, वाचून गलबलून आलं. असे आजोबा आमच्याकडं रोज येतात. घागरीचं पण फार आवडलं दादा. फक्त एक शंका, मनात नाव चालू ठेवलं तर समोरच्याचं बोलणं अर्धवट ऐकलं जाईल ना?

नांदेडवाला:
समोर माणूस असला की नाव बाजूला राहू द्या ताई, त्याचंच नीट ऐका, काका म्हणायलेत ते तिथं लागू पडतं. तो उठून गेला आणि पुढचा टोकन यायचाय तेवढ्यात नाव घ्या, तेवढ्यात मोबाईल मात्र उचलू नका.