'रिसर्च आउटपुट'ला मराठीत काय म्हणायचं?

दादरहून प्रश्न:
एका लेखाचा अनुवाद करतेय. कोविडच्या साथीत विकसनशील देशांनी किती संशोधन केलं, ते कसं मोजायचं, असा विषय. पहिल्याच ओळीत 'रिसर्च आउटपुट'शी अडले. 'संशोधन-उत्पादन' लिहिलं की कानात गिरणीचा भोंगा वाजतो. 'निष्पत्ती' चालेल?

गोरेगावहून:
नको. मी शाळेत शिकवतो. आमच्याकडे 'अध्ययन निष्पत्ती' म्हणजे मुलाला शेवटी काय आलं ते. आउटपुट म्हणजे नुसतं बाहेर काय पडलं ते. त्याने कुणाचं भलं झालं का, हा वेगळा प्रश्न.

परळहून:
ताई, लेखात नेमकं काय मोजलंय? शोधनिबंध मोजले असतील तर सरळ 'शोधनिबंधांची संख्या' लिहा. भारदस्त शब्दाच्या आड आकडा लपवायचा कशाला?
आपलंच उदाहरण घ्या. जुलै २०२० मध्ये टीआयएफआर ही संशोधन संस्था, महापालिका आणि नीती आयोग यांनी मुंबईच्या तीन वॉर्डांत केलेलं सिरो सर्वेक्षण, म्हणजे रक्ततपासणीची पाहणी. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी, बाहेर १६ टक्के. हे आकडे लगेच पेपरांत आले, घराघरांत चर्चा झाली. पण निबंधांच्या यादीत त्या दिवशी शून्य. मग प्रीप्रिंट, म्हणजे तपासणीआधीचा कच्चा निबंध, आला, नंतर 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात निबंध. दोन्ही धरले तर एकाच कामाचे दोन झाले. लेखकांत अमेरिकी विद्यापीठातलेही आहेत, म्हणजे तोच निबंध भारताच्या खात्यात एक आणि अमेरिकेच्या खात्यातही एक. काही जण अशा वेळी देशागणिक वाटे पाडतात, तेव्हा आपल्या वाट्याला अपूर्णांक येतो.
म्हणून याला 'गणती' म्हणावं, शिरगणतीतली. 'जोखणं' वेगळं, त्यात वजन पाहावं लागतं. शीर्षकात 'मूल्यमापन' तर मुळीच नको.

दादरहून:
पटलं. गणतीच लिहिते. 'प्रीप्रिंट'ला 'पूर्वमुद्रण' केलंय.

गोरेगावहून:
छापण्याआधीच छापलं? प्रीप्रिंट राहू द्या. पहिल्यांदा येईल तिथे 'तज्ज्ञांच्या तपासणीआधीच खुला केलेला निबंध' असं लिहा, पुरे. गंमत म्हणजे हिंदीत 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती. आपली घटनादुरुस्ती ती त्यांचं 'संविधान संशोधन'. साथीत प्रीप्रिंटच्या सुधारित आवृत्त्या एकामागून एक निघत होत्या, तिथे दोन्ही अर्थ एकदम लागू.

दादरहून:
शेवटचं. 'सायटेशन'ला 'उद्धरण'?

परळहून:
उद्धरणात मूळ वाक्य उतरवणं आलं. इथे नुसता हवाला असतो. 'संदर्भोल्लेख' लिहा, लांब आहे पण चालेल. 'दाखला' मला जास्त आवडला असता, पण तो शाळा सोडताना नाहीतर तहसील कचेरीत मिळतो.