विषय: कोजागिरीच्या कॅम्पआधी जुन्या ट्रेलरची फर्नेस

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये आम्ही 1967 सालचा 17 फुटी ट्रेलर घेतला, गाडीमागे ओढत न्यायचा आणि आत झोपायचा. ज्या आजोबांकडून घेतला त्यांनी तो जिवापाड जपला होता. आतलं बर्चचं लाकूड अजून चमकतं. कोजागिरीला नॉर्थ शोअरच्या कॅम्पला तोच घेऊन यायचा बेत आहे.

ट्रेलर गरम ठेवणारी फर्नेसही मूळचीच आहे. प्रोपेनवर चालते, पंखा नाही, खाली पायलटची (सतत तेवणारी छोटी) ज्योत आणि धुराडं छतातून बाहेर. मागच्या शनिवारी सवय व्हावी म्हणून ड्राइव्हवेमध्येच ती रात्रभर लावून झोपलो. ऊब छान आली. पण सकाळी खिडक्यांवरून पाण्याचे ओघळ वाहत होते, आमचं दोघांचंही डोकं जड झालं होतं आणि मुलाला उलटी झाली. अंगणात आल्यावर अर्ध्या तासात तिघांनाही बरं वाटलं. आदल्या रात्री पावभाजी जरा जास्त झाली होती, त्यामुळे आम्ही दोष तिलाच दिला.

अशा फर्नेसची देखभाल काय करायची? कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

आपला,
नवा ट्रेलरवाला, सेंट पॉल

* * *

अरे, ती फर्नेस पुन्हा पेटवू नकोस. आधी सिलिंडरचा कॉक बंद करून ये, मग पुढचं वाच.

पावभाजीचा त्रास अंगणात आल्याबरोबर उतरत नाही. तिघांना एकाच वेळी त्रास आणि मोकळ्या हवेत आराम, हे कार्बन मोनॉक्साइडचं, म्हणजे गॅस नीट न जळल्यावर होणाऱ्या बिनवासाच्या विषारी वायूचं, लक्षण आहे. खिडक्यांवरचं पाणीही नुसतं पुसून सोडून देऊ नकोस. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते, आणि ती सगळी धुराड्यातून बाहेर जायला हवी. श्वासानेही काचा ओल्या होतात हे खरं, पण ओघळ वाहायला लागले की धुराड्याची हवा आत येतेय का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

फर्नेसमध्ये दोन हवा असतात, एक ज्योतीची आणि दुसरी आपली. त्या दोघींच्या मधे पत्र्याची बंद पेटी असते. ज्योत पेटीच्या आत जळते, पेटी तापते आणि आपली हवा तिच्या बाहेरच्या अंगावरून ऊन होऊन खोलीत येते. तुझ्या पेटीने पंचावन्नहून जास्त हिवाळे तापण्या-निवण्यात काढलेत. पत्रा गंजतो, शिवणीपाशी फाटतो, आणि तरीही फर्नेस तितकीच ऊब देत राहते. फसायला होतं ते इथेच. ‘छान तापते’ यावरून ती निर्धोक आहे की नाही हे अजिबात कळत नाही.

माझ्या पहिल्या ट्रेलरची पेटी मी काढून गॅरेजमध्ये ठेवली, रात्री दिवे मालवले आणि पेटीत बल्ब सोडला. बाहेरून हात फिरवला तेव्हा ती गुळगुळीत, धड वाटली होती. अंधारात मात्र मागच्या शिवणीवर सुईच्या टोकाएवढे तीन उजेडाचे ठिपके दिसले. त्याच पेटीशेजारच्या बाकावर माझी मुलगी झोपायची. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटले, मी नाही म्हटलं. शेजारचा पत्रा तितकाच पातळ झालेला असतो, तो पुढच्या वर्षी फुटतो. पेटी गेली की फर्नेस गेली असं समज.

एक मात्र बजावून सांगतो. त्या काळच्या फर्नेसच्या आसपास, धुराड्याच्या गुंडाळीत आणि सांध्यांच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. राखाडी, पुठ्ठ्यासारखं काही दिसलं तर खरवडू नकोस, झाडू नकोस. आधी तपासून घे.

आता धुराडं. छतावर चढून टोपण बघ. इथे उन्हाळ्यात कुंभारीण माशी नळीच्या तोंडाशी मातीचं घर बांधते, आणि एवढ्याशा मातीने नळी अर्धी बुजते. बर्नरच्या नळीत कोळी जाळं विणतात. म्हणून जाळी ठोकायचा मोह होईल, पण बऱ्याच फर्नेसना जाळी चालत नाही, कारण ती धुळीने भरली की हवाच अडते. आपल्या फर्नेसच्या माहितीपुस्तकात काय लिहिलंय ते आधी बघायचं. गॅसच्या बारीक छिद्रात तार घालू नकोस, छिद्र मोठं झालं की गॅसचं माप बिघडतं.

ज्योतीला हवा कुठून मिळते तेही पाहा. काही जुन्या फर्नेस ती खालून नळीने बाहेरची घेतात, काही चक्क खोलीतली घेतात. खोलीतली घेणारी असेल तर छतावरचा पंखा लावल्यावर धूर उलटा आत ओढला जाऊ शकतो. अशी फर्नेस लावून झोपायचंच नाही, आणि तिच्या जागी नवीन बसवावी हे माझं स्पष्ट मत. नवी खोलीच्या हवेपासून पूर्ण बंद असते, ज्योतीची हवा बाहेरून घेते आणि बाहेरच सोडते. तिच्या आतल्या पंख्याचा वारा पुरेसा नसेल तर गॅसच सुरू होत नाही, त्यासाठी आत एक छोटी पाती असलेला स्विच असतो.

गॅसच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघ, काडी ओढून कधीही नाही. रेग्युलेटरचा दाब पाण्याच्या 11 इंचांवर असायला हवा, तो मोजायचं काम माहितगारावर सोड. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, लवलवती दिसली की बंद कर.

आणि अलार्म दोन वेगळे हवेत. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, तो खाली साचतो, म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत. कार्बन मोनॉक्साइडचा झोपायच्या जागेजवळ. दोन्हींच्या पाठीवर मुदत छापलेली असते, ती संपली की बटण दाबल्यावर आवाज आला तरी फेकून दे.

फोन कर, मी शनिवारी येतो.

तुझा,
डुलुथचा काका

* * *

काकांनी ट्रेलरचं सांगितलं, मी माणसांचं सांगते. मी इमर्जन्सीत नर्स आहे.

कार्बन मोनॉक्साइड आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरतो. घरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे कामाचं नाही. त्या यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही, ते 98 दाखवतं आणि माणूस बेशुद्ध होत असतो. पुन्हा कधी असं झालं तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग 911, आणि रक्ताची तपासणी लगेच. लहान मुलं भरभर श्वास घेतात, त्यांना आधी त्रास होतो. तुमच्या मुलाला उलटी झाली ती त्यामुळेही असू शकते. आता बरा असला तरी त्याच्या डॉक्टरांना हे सगळं नक्की सांगा.

आपल्याकडे भारतात बाथरूममधल्या गॅस गीझरच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. दार बंद, खिडकी बंद, गरम पाणी वाहतंय. माझ्या आईच्या बाळंतपणात आजी शेगडी खोलीत आणायची, पण दाराची एक फळी उघडी ठेवायची. कुणी थंडी वाजते म्हणून ती लोटली तर रागवायची. ट्रेलरमध्ये कडाक्याच्या थंडीतही झरोका किंचित उघडा राहू दे. पण बिघडलेली फर्नेस त्याने सुरक्षित होत नाही, हेही लक्षात असू दे.

ताई, ब्लूमिंग्टन

* * *

काका, ताई, मनापासून आभार. त्याच रात्री कॉक बंद केला. मुलाच्या डॉक्टरांशी बोललो, तो ठीक आहे.

शनिवारी काका आले, सोबत गॅसचं काम करणारा तंत्रज्ञ होता. टोपण आत चेपलेलं निघालं आणि त्याखाली कुंभारणीचं मातीचं घर, मुठीएवढं. पेटी बाहेर काढून गॅरेजमध्ये बल्ब सोडला. मागच्या शिवणीवर करंगळीच्या नखाएवढी चीर होती. आम्ही तिघंही काही वेळ बोललोच नाही. मुलाचं अंथरूण तिथून दोन हातांवर होतं.

फर्नेस काढली, गॅसची नळी तंत्रज्ञाने टोपी घालून बंद केली. नवी वसंतात बसवू. कोजागिरीला विजेची सोय असलेली जागा घेतली आहे. 1500 वॉटचा एकच हीटर लावणार, तो साडेबारा अँपिअर ओढतो आणि ट्रेलरची वायरिंग 15 ची आहे, त्यामुळे हीटर चालू असताना किटली नाही. दोन्ही अलार्म काल लावले.

दूध बाहेरच, काकांच्या शेगडीवर आटवायचं ठरलंय. केशर-वेलदोडे आमच्याकडून. कुणाकडे दहा लिटरचं जाड बुडाचं पातेलं आहे का?