मदत हवी आहे: एमटीयू १५००, मग टीसीपीडंपमध्ये २९६२ बाइटांचं पॅकेट कुठून आलं?

नमस्कार मंडळी. मी बेळगावची, वडगावात राहते, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. खालचे माग रात्री थांबले की लिनक्स कर्नलमधला नेटवर्क स्टॅक वाचत बसते.

क्लासमध्ये थरांचं चित्र शिकवतात: प्रत्येक थर वरून आलेल्या डेटावर आपलं वेष्टण चढवतो. मला वाटायचं, दर थराला डेटा नव्याने कॉपी होत असेल. तसं नाही. एसके_बफमध्ये (कर्नल पॅकेट ज्यात धरून ठेवतं ती रचना) डेटाच्या आधी जागा मोकळी सोडलेली असते. टीसीपी पॉइंटर ३२ बाइट मागे घेऊन आपलं हेडर लिहितं (टाइमस्टॅम्प धरून), मग आयपी २०, मग इथरनेट १४. येताना तोच पॉइंटर पुढे सरकत जातो. डेटा जागचा हलत नाही! हे कळलं तेव्हा फार आनंद झाला.

पण आता अडलंय. लॅपटॉप आणि जुना डेस्कटॉप थेट केबलने जोडून एक मोठी फाइल पाठवली. डेस्कटॉपवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं टिपून दाखवणारं साधन) लावला तर २९६२ आणि ४४१० बाइटांची पॅकेटं दिसतात. एमटीयू (इथरनेटचं हेडर सोडून एका पॅकेटात मावणारे जास्तीत जास्त बाइट) दोन्हीकडे १५००. आयपीने तुकडे केल्याची खूण नाही. केबलही बदलून पाहिली.

शनिवारी ज्युनिअर मुलांना हे समजवायचंय. माझा अथणीचा मित्र कन्नडमधून सांगणार, मी मराठीतून. त्याआधी मला स्वतःला नीट कळायला हवं.

उत्तर, निपाणीहून:
ताई, २९६२ मधून हेडरचे ६६ (३२ + २० + १४) वजा करा. उरले २८९६, म्हणजे १४४८ (१५०० वजा टीसीपी-आयपीचे ५२) दोनदा. ४४१० मध्ये तेच तीनदा. तारेवरून पॅकेटं नेहमीच्याच मापाची आली, ती कर्नलने जोडली. याला जीआरओ म्हणतात. एकाच कनेक्शनचे लागोपाठ आलेले सेगमेंट (टीसीपीने पाडलेले डेटाचे तुकडे) आयपीकडे जाण्याआधीच एकत्र केले की वरच्या थरांना एकदाच काम पडतं. टीसीपीडंपला पॅकेटची प्रत मिळते ती या जोडणीनंतर. इथटूलने (नेटवर्क कार्डाच्या सेटिंग बदलायची आज्ञा) डेस्कटॉपवर जीआरओ बंद करून परत बघा.

धागाकर्ती:
दादा, बंद केलं. सगळी १५१४ वर आली! १४४८ अधिक ६६, बरोबर जुळलं. सॉफ्टआयआरक्यूचा (आलेली पॅकेटं हाताळायचं कर्नलमधलं काम) भार मात्र लगेच वाढला, तोही मुलांना दाखवीन. आता लॅपटॉपवर टीसीपीडंप लावलाय, तिथे अजून मोठीच दिसतात. जीआरओ तर येणाऱ्या पॅकेटांसाठी ना?

उत्तर, निपाणीहून:
हो. पाठवणाऱ्या बाजूला टीएसओ (तुकडे नेटवर्क कार्ड करतं) आणि जीएसओ (तुकडे कर्नल करतं) बघा. टीसीपी मोठा एसके_बफ एकदाच खाली सोडतं, तुकडे अगदी शेवटी होतात: कार्डाला जमत असेल तर कार्डात, नाहीतर ड्रायव्हरच्या दारात. तुकडे कार्डात होत असतील तर टीसीपीडंप त्याच्या आधी बघतो. दोन्ही बंद करा. तिथेच चेकसम (डेटा बिघडला का ते तपासायचा आकडा) चुकल्याचा शेरा दिसला तरी घाबरू नका, तो आकडा कार्ड नंतर भरतं.