मदत हवी आहे: एका ओळीपायी आख्खी सीएसव्ही परत फिरते

लासलगावच्या कांदा भावांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल) पोस्टग्रेस 15 या डेटाबेसमध्ये भरतोय, त्याच्या पीएसक्यूएल या आज्ञा-साधनातून, बॅकस्लॅश-कॉपीने (आपल्या मशीनवरची फाइल भरणारी आज्ञा). सर्व्हरवर फाइल ठेवता येत नाही, म्हणून सर्व्हरवरची फाइल वाचणारं साधं कॉपी बाद. भावाच्या रकान्यात कुठेकुठे नुसतीच दुहेरी अवतरणं होती. ती नल (मूल्यच नाही) न धरता रिकामा मजकूर धरली जातात आणि न्यूमेरिक (आकड्यांचा) रकाना अडतो. फोर्स-नल (अशी अवतरणं नल धरायला लावणारा पर्याय) लावून ते सुटलं. (आख्खी आज्ञा एकाच ओळीत कोंबायची, हा वेगळा वैताग.)

आता अडलंय "1,850" अशा आकड्यांवर. एक ओळ चुकली की सगळं रद्द. चुकलेल्या ओळी वगळणारा ऑन-एरर पर्याय पोस्टग्रेस 17 पासून आहे, अपग्रेड इतक्यात होणार नाही. सगळे रकाने टेक्स्ट ठेवून तात्पुरत्या टेबलात ओतावं आणि रिप्लेसने स्वल्पविराम काढून कास्ट (आकड्यात रूपांतर) करावं, की सेडने (मजकूर बदलणारी आज्ञा) आधीच साफ करावं? सेडमध्ये रकाने वेगळे करणारे स्वल्पविरामही उडायची भीती वाटते. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारं साधन) रोज चालणारं काम आहे, हाताने दुरुस्ती नको. कोणी काय वापरतं?