विकताना लिहून घेतात, तरी शस्त्रं भलत्याच हाती कशी जातात?

प्रश्न – कुतूहल:
निर्यातदार देश विक्रीआधी खरेदीदाराकडून 'आमच्या परवानगीशिवाय पुढे कुणाला देणार नाही' असं अंतिम वापरकर्ता प्रमाणपत्र घेतो. मग गळती नेमकी कुठे होते? आणि सुट्या भागांचा पुरवठा तोडला की शस्त्र निकामी होतं, हे कितपत खरं?

उत्तर – दफ्तरदार:
चोरीपेक्षा खरेदीदारच माल पुढे सरकवतो, हा प्रकार मोठा. स्वित्झर्लंडने संयुक्त अरब अमिरातीला विकलेले हातबॉम्ब जॉर्डनमार्गे गेले आणि २०१२ मध्ये सीरियात सापडले. दुसरा प्रकार, खरेदीदारच कोसळतो. २०१४ मध्ये इराकी सैन्य मोसूल सोडून पळालं. तिथे २,३०० हमवी (अमेरिकी लष्करी) गाड्या गमावल्याचं पंतप्रधान अबादींनी नंतर स्वतःच सांगितलं.

प्रमाणपत्र म्हणजे शेवटी कागद. सही खरी आहे का, हे दूतावासामार्फत त्या मंत्रालयाकडूनच पडताळावं लागतं. माल उतरल्याची पोच घ्यायची, आणि पुढे कधीतरी कोठारात जाऊन क्रमांक जुळवायचे. ही तिसरी पायरीच बहुतेक ठिकाणी गाळली जाते, कारण तपासणीचा हक्क करारात आधी लिहिलेला नसेल तर खरेदीदार दारातही उभं करत नाही.

आणखी एक, ज्याकडे फार कुणी बघत नाही: नव्या रायफली आल्या की जुन्या शिल्लक पडतात आणि त्याच बाहेर जातात. म्हणून २०१५ पासून जर्मनीने लहान शस्त्रांसाठी 'नवं हवं तर जुनं नष्ट करा' हे तत्त्व घेतलं.

उत्तर – चापओढ:
सुट्या भागांचं म्हणणं शस्त्रागणिक बदलतं. खांद्यावरून डागायचं विमानविरोधी क्षेपणास्त्र स्टिंगर घ्या. मुठीजवळ बॅटरी-कूलंट युनिट बसवतात. त्यातला आर्गॉन वायू शोधक (लक्ष्य हेरणारा भाग) थंड करतो, बॅटरी वीज पुरवते. साधारण ४५ सेकंदांत क्षेपणास्त्र सुटलं नाही तर युनिट वाया, नवं बसवा. म्हणजे नळी हातात असून उपयोग नाही, युनिटं हवीत. तरीही अफगाणिस्तानात दिलेली स्टिंगर परत विकत घ्यायला अमेरिकेने पैसे मोजलेच.

एफ-१४ या अमेरिकी लढाऊ विमानाचं उलट झालं. १९७९ च्या क्रांतीआधी इराणला ७९ विमानं पोचली होती. भाग बंद झाले, तरी इराणने एकाचे भाग दुसऱ्याला लावत ती वर्षानुवर्षं उडवली. पुढे त्यांचे भाग इराणपर्यंत पोचू नयेत म्हणून अमेरिकेला आपली निवृत्त एफ-१४ तुकडे करून भंगारात काढावी लागली.

रायफलीला यातलं काहीच लागू नाही. तिला फक्त गोळ्या लागतात. काडतुसाच्या बुडावर बहुधा कारखान्याची खूण आणि वर्ष असतं, पण लॉट क्रमांक खोक्यावर. खोकं फेकलं की माग तुटतो.

उत्तर – दक्षिण_समुद्र:
पुरवठा तोडणं कधी चालतं, याचा नमुना १९८२ चं ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्ध. अर्जेंटिनाकडे विमानातून सोडायची फ्रेंच एक्झोसेट जहाजविरोधी क्षेपणास्त्रं पाचच होती आणि फ्रान्सने पुढची थांबवली. त्या पाचांतल्या एकाने 'शेफील्ड' या ब्रिटिश विनाशिकेचा घात केला. गंमत म्हणजे शेफील्डच्याच जातीच्या दोन विनाशिका ब्रिटनने अर्जेंटिनाला विकलेल्या होत्या.