पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका

भाऊ, पाण्यासाठी तीनदा अर्ज दिले आणि दर वेळी 'बघू' एवढंच ऐकलं, असं तुम्ही लिहिलंय. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच आहे का त्यांची? नसेल तर ते अर्ज कागदोपत्री नाहीतच असं समजा. आमच्या चोपडा तालुक्यातल्या गावात हेच झालं होतं. तापी जवळ, तरी नळाला आठवड्यातून एकदा पाणी.

आमचं काम खरं हललं ते बायांमुळे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते, पण आमच्याकडे ती फक्त रजिस्टरात व्हायची. त्या वर्षी चाळीसेक जणी हंडे घेऊन जाऊन बसल्या. ठराव इतिवृत्तात लिहून घेतला, वाचून दाखवायला लावला, मगच उठल्या. ग्रामसभेच्या कोरमसाठी, म्हणजे सभा भरायला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला कमी आकडा पुरतो. तेवढी माणसं घरोघर फिरून जमवा. कापूस वेचणीच्या दिवसांत सभा संध्याकाळी मागा.

खर्चाचा हिशेब हवा असेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुढची ग्रामसभा कधी आहे तुमच्याकडे?